ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेजवर ई-सायकल: पिट्सबर्ग ते कंबरलँड

पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्ग आणि मेरीलँडमधील कंबरलँड या दोन शहरांना जोडणारी ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज ही १५० मैलांची, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरची वाट एकेकाळी रेल्वेमार्ग होती. कोळसा आणि पोलाद यांची सद्दी संपली, गाड्या बंद पडल्या, रूळ उचलले गेले आणि ओहायोपाइल या गावाजवळचा पहिला तुकडा १९८६ मध्ये सायकलस्वारांसाठी खुला झाला. अखेरचा तुकडा जोडला जाऊन वाट पिट्सबर्गच्या मध्यभागापर्यंत पोहोचायला मात्र २०१३ साल उजाडले. चालणारे, धावणारे, सायकलवाले, काही टप्प्यांत घोडेस्वार असे सगळे या वाटेवर एकत्र नांदतात आणि मोटारवाहनांना तिथे मज्जाव आहे. मग जिला मोटार बसवलेली आहे ती सायकल या वाटेवर यावी की नाही, हा अमेरिकेतल्या अशा सगळ्याच सामायिक वाटांवरचा वादाचा विषय आहे. आमच्या सहलीत तर तो वाद घरातलाच होता.

माझा थोरला भाऊ पुण्याचा. दर रविवारी पहाटे खडकवासल्याला सायकलने जाऊन येणारा, सिंहगडाचा घाट निवृत्तीनंतरही न उतरता चढणारा, आणि ज्याच्या मांडीला गोळा आला नाही त्याने प्रवास केलाच नाही असे प्रामाणिकपणे मानणारा. वहिनींचे दोन्ही गुडघे झिजलेले; डॉक्टरांनी सायकल चालवायला आनंदाने परवानगी दिली होती, पण चढावर जोर लावायचा नाही अशी ताकीदही दिली होती. ऑक्टोबरमध्ये ती दोघे माझ्याकडे पिट्सबर्गला आली, तेव्हा दादाची आणि माझी साधी सायकल आणि वहिनींसाठी भाड्याची ई-सायकल असा बेत मी परस्पर ठरवून टाकला होता. ते ऐकून दादा म्हणाला, "बॅटरीवरच जायचं तर मग स्कूटर काय वाईट होती?" वहिनींनी त्याच्याकडे न बघता मला विचारले, "घंटी आहे ना गं तिला?"

पुढचे वर्णन नीट कळावे म्हणून नियम आधीच सांगून टाकते. अमेरिकेतील बहुतेक राज्ये ई-सायकलींचे तीन वर्ग मानतात. पहिल्या वर्गात पेडल मारले तरच मोटार साथ देते आणि ताशी २० मैलांना, म्हणजे ३२ किलोमीटरना, ती साथ सुटते. दुसऱ्या वर्गाला थ्रॉटल असते, त्यामुळे पाय न हलवताही गाडी त्याच वेगापर्यंत पळते. तिसऱ्या वर्गात पुन्हा पेडल मारावेच लागते, पण साथ ताशी २८ मैलांपर्यंत मिळते. पेनसिल्व्हेनियाने हे वर्गीकरण न स्वीकारता २०१४ च्या कायद्याने स्वतःची व्याख्या केली: मोटार ७५० वॅटपर्यंत, मोटारीवरचा वेग ताशी २० मैलांपर्यंत, वजन १०० पौंडांपर्यंत आणि चालवणाऱ्याचे वय किमान १६ वर्षे. राज्याचा कायदा असा सैल असला, तरी या वाटेवर पहिल्या वर्गाच्याच सायकली अपेक्षित आहेत आणि ताशी १५ मैलांची, म्हणजे साधारण २४ किलोमीटरची वेगमर्यादा मोटार असो वा नसो, सर्वांना सारखीच लागू आहे. आपल्याकडे परवाना आणि नोंदणी यांतून सुटण्यासाठी २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर ही मर्यादा आहे; त्या मानाने अमेरिकेतील मोटार बरीच दांडगी असते, हे भारतातून येणाऱ्यांनी लक्षात ठेवलेले बरे.

पिट्सबर्ग ते वेस्ट न्यूटन

अ‍ॅलेगेनी आणि मोनोंगहेला या नद्या जिथे मिळून ओहायो नदी होते, त्या टोकावरच्या उद्यानातून आम्ही शनिवारी सकाळी निघालो. हवा थंड आणि स्वच्छ होती. वाट लवकरच हॉट मेटल ब्रिजवरून मोनोंगहेला ओलांडते. या पुलावरून एकेकाळी वितळलेल्या लोखंडाचे डबे एका काठावरच्या भट्ट्यांतून दुसऱ्या काठावरच्या कारखान्यात नेले जात. पुढे होमस्टेडला कार्नेगीच्या पोलाद कारखान्याच्या बारा चिमण्या आता दुकानांच्या वाहनतळाशेजारी ओळीने उभ्या आहेत, आणि त्याच्या थोडे पुढे जुने पंप हाउस लागते, जिथे १८९२ च्या संपात कामगार आणि कंपनीने आणलेले पिंकर्टनचे भाडोत्री पहारेकरी यांच्यात गोळीबार झाला होता. दादा अशा जागी फलकावरचा शब्द न् शब्द वाचतो. वहिनींनी तेवढ्या वेळात वाहनतळात दोन-चार गोल फेऱ्या मारून सायकलीशी ओळख करून घेतली.

ही ओळख करून घेणे फार गरजेचे आहे, आणि भाड्याने देणारे ते नेहमीच सांगतात असे नाही. ई-सायकलवर बसून एक पाय जमिनीवर आणि दुसरा पेडलवर विसावला, तर तेवढ्या दाबानेही मोटार जागी होते आणि सायकल पुढे झेपावते. वहिनींना पहिला हिसका असाच बसला. त्यानंतर थांबताना दोन्ही ब्रेक दाबून धरायचे आणि निघताना साथ सर्वांत खालच्या पायरीवर ठेवायची अशी सवय त्यांनी लावून घेतली. स्वस्त सायकलींमध्ये पेडल फिरते आहे की नाही एवढेच मोटारीला समजते, त्यामुळे ती उशिरा जागी होते आणि उशिराच थांबते. चांगल्या सायकलींमध्ये पायाचा जोर मोजला जातो आणि त्या प्रमाणात साथ मिळते. गर्दीच्या वाटेवर या दोन प्रकारांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. भाड्याने घेताना वेग आणि बॅटरी विचारण्याआधी हे विचारावे.

शनिवार असल्याने शहराजवळच्या टप्प्यात बाबागाड्या, कुत्री, तीनचाकी चालवणारी मुले अशी जत्रा होती. तेवढ्यात जाड टायरची एक ई-सायकल मागून आली आणि चालवणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा पाय स्थिर ठेवून, केवळ थ्रॉटल पिळून, आमच्यामधून निघून गेला. समोरच्या एका लहान मुलीने दचकून बापाचा हात घट्ट धरला. "बघितलंस?" दादा म्हणाला. मी बघितले होते. पण पाच-दहा मिनिटांतच पातळ टायरच्या सायकलींवरची, एकसारखे कपडे घातलेली सात-आठ जणांची रांगही जवळजवळ त्याच वेगाने, तोंडातून अक्षर न काढता, आमच्या कोपरांना घासून गेली, आणि त्यांच्यापैकी एकाच्याही सायकलला मोटार नव्हती. त्यावर मात्र दादाने काहीच टिप्पणी केली नाही. शहरातून बाहेर पडेपर्यंत आमची सरासरी ताशी बारा किलोमीटरच्या पुढे गेली नाही, वहिनींचीसुद्धा.

दुपारचे जेवण निघण्यापूर्वी बांधून घेतलेल्या पिरोगींचे होते. पूर्व युरोपातून पोलाद कारखान्यांत आलेल्या कामगारांनी हा पदार्थ इथे रुजवला. बटाटा आणि चीज भरलेल्या उकडलेल्या करंज्याच त्या, वर लोण्यात परतलेला कांदा. शाकाहारी माणसाला या भागात दुसरा आधार फारसा नाही, म्हणून चिवडा आणि डिंकाचे लाडू बरोबर ठेवावेत. मॅकीस्पोर्टनंतर वाट मोनोंगहेला सोडून यॉकोगेनी नदीच्या काठाला लागते, बारीक चुनखडीचा दाबून बसवलेला पृष्ठभाग सुरू होतो आणि माणसांची गर्दी एकाएकी ओसरते. वाटेत एका ठिकाणी जुन्या कोळसा खाणीतून झिरपणाऱ्या लोहयुक्त पाण्याने कातळ भगव्या रंगाचा झाला आहे. दिसायला सुंदर, पण त्या पाण्यात काही जगत नाही. संध्याकाळी वेस्ट न्यूटनला पोहोचलो तेव्हा वहिनींच्या बॅटरीत निम्म्याहून अधिक जोर शिल्लक होता, आणि आमच्या अंगात मात्र तसे काही नव्हते.

वेस्ट न्यूटन ते ओहायोपाइल

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर एवढे दाट धुके होते की पुढच्या माणसाचा फक्त मागचा लाल दिवा दिसत होता. ई-सायकलचे दिवे मुख्य बॅटरीवर चालतात आणि चांगले प्रखर असतात. आम्ही वहिनींना पुढे घातले.

बॉस्टन नावाच्या छोट्या गावापासून कॉनेल्सव्हिलपर्यंत वाटेच्या कडेच्या गवतावरून घोड्यांना जाण्याची परवानगी आहे. धुके विरळ होत असताना समोरून एक बाई तपकिरी घोड्यावरून येताना दिसल्या. आम्ही सायकलींवरून उतरून बाजूला उभे राहिलो. त्यांनीही घोडा थांबवला आणि गप्पा निघाल्या. वहिनींच्या सायकलच्या मोटारीने घोडा बिथरतो का, असे मी विचारले, तेव्हा त्या हसल्या. मोटारीचे त्याला काहीच वाटत नाही, तो शेतावर ट्रॅक्टरच्या आवाजात वाढला आहे, असे त्या म्हणाल्या. त्याला भीती वाटते ती पाठीमागून आवाज न करता येणाऱ्याची, आणि सायकल साधी असली काय किंवा विजेची असली काय, मागून गप्प येते ती सारखीच. लांबूनच माणसाच्या आवाजात बोलावे, घंटी वाजवू नये, कारण अचानक झालेली टणटण त्याला आवडत नाही आणि बोलणारा प्राणी म्हणजे माणूस हे मात्र त्याला पक्के ठाऊक असते, असा त्यांचा सल्ला होता. त्यानंतर घोडा दिसला की वहिनी दुरूनच "गुड मॉर्निंग" म्हणू लागल्या आणि घोडा नसला तरी भेटेल त्या प्रत्येकाला म्हणू लागल्या.

कॉनेल्सव्हिल ही एकेकाळची कोक उद्योगाची, म्हणजे पोलादासाठी कोळसा भाजून घेण्याच्या धंद्याची राजधानी. गावाच्या अलीकडे झाडीत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घुमटाकार कोकभट्ट्यांच्या रांगा अजून दिसतात. इथे पोटभर जेवून, पाणी भरून आणि ई-सायकल असेल तर बॅटरी वर आणूनच पुढे निघावे, कारण ओहायोपाइलपर्यंतच्या सुमारे २७ किलोमीटरमध्ये दुकान, नळ, विजेचा खांब यांपैकी काहीही नाही. उपाहारगृहात चार्जर लावण्यापूर्वी विचारावे आणि जेवणाव्यतिरिक्त थोडी बक्षिसी ठेवावी. विजेचा खर्च नगण्य असतो, पण न विचारता भिंतीतला प्लग काढून आपला लावणारे महाभाग झाल्यामुळे काही ठिकाणी आता नकार मिळू लागला आहे. जेवणाच्या तासाभरात बॅटरी पूर्ण भरत नाही. साध्या चार्जरने पाचशे वॅट-तासांची रिकामी बॅटरी भरायला चार-पाच तास सहज लागतात.

या टप्प्यात वाट नदीच्या घळईत शिरते. एका हाताला लाल-पिवळ्या मेपलचे डोंगर, दुसऱ्या हाताला खाली यॉकोगेनीचा खळखळाट, आणि चढ असा की डोळ्यांना दिसत नाही पण मांड्यांना कळतो. जुन्या आगगाडीची वाट असल्याने चढ कुठेही एक टक्क्याच्या फार वर जात नाही. पण तो संपतही नाही, आणि त्या दिवशी वाराही समोरून होता. दादा गप्प झाला. मी मागे पडले. वहिनी मात्र एकाच लयीत पेडल मारत होत्या आणि त्यांच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला दादा सायकल चिकटवून चालवत होता, हे मला मागून स्पष्ट दिसत होते. थोड्या वेळाने थांबलो तेव्हा त्यांनी विचारले, "अहो, तुमची एक पिशवी इकडे द्या ना." दादाने नदीकडे बघत पॅनियरचा आकडा सोडवला.

समूहाने केलेल्या सायकल सहलीत एरवी काय होते हे मी अनेकदा पाहिले आहे: दमलेल्या माणसासाठी बाकीचे थांबतात, दमलेला माणूस पोहोचताच बाकीचे निघतात, आणि ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज असते त्यालाच ती मिळत नाही. मोटारीने ही उतरंड सपाट होते. मात्र उलटेही घडू शकते आणि त्या दिवशी सकाळी ते घडलेच होते. वहिनी बोलता बोलता आमच्या पुष्कळ पुढे निघून गेल्या, त्यांना आपण भरधाव निघालो आहोत याची जाणीवच नव्हती, कारण दम लागत नसला की वेग कळत नाही. सहल आयोजित करणाऱ्यांनी ई-सायकलवाल्यांना मागे ठेवावे आणि पुढे साध्या सायकलवाल्याला घालावे, हा उपाय आम्ही दुपारनंतर अमलात आणला आणि तो शेवटपर्यंत टिकला.

ओहायोपाइलच्या अलीकडे नदीने मोठा वळसा घेतला आहे आणि वाट दोन उंच पुलांवरून तो वळसा तोडून गावात उतरते. गाव चिमुकले, पण गावाच्या अंगणातच धबधबा. थंडीने बोटे आखडलेली असताना आम्ही धबधब्यासमोर उभे राहून आइस्क्रीम खाल्ले.

ओहायोपाइल ते रॉकवुड

वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांनी ओढ्यावरच बांधलेले फॉलिंगवॉटर हे घर इथून जवळ आहे. तिथे जाणारा रस्ता चढउताराचा आणि मोटारींच्या वर्दळीचा असल्याने सायकलींवर जाण्याचा मोह टाळून आम्ही आमच्या पाहुणघराच्या मालकिणीच्या मोटारीतून गेलो. घर पाहावे असेच आहे; प्रवेशाची वेळ खूप आधी राखून ठेवावी लागते.

निघायला त्यामुळे उशीर झाला आणि कॉन्फ्लुअन्सला पोहोचेपर्यंत पाऊस लागला. तीन प्रवाह जिथे मिळतात ते हे गाव. पावसापुरता आडोसा घेतला त्या पाहुणघराच्या दारावर एक सुबक पाटी होती: ई-सायकलच्या बॅटऱ्या फक्त गॅरेजमध्ये, सिमेंटच्या जमिनीवर, दिवसाउजेडी आणि मालक घरी असतानाच चार्ज कराव्यात. मालक वयस्कर गृहस्थ होते. ई-सायकलवाली मंडळी त्यांना गिऱ्हाईक म्हणून फार प्रिय आहेत, कारण ती पूर्वी कधी इतक्या लांब आलीच नसती, असे त्यांनी सांगितले. पण घर शंभर वर्षे जुने, लाकडी, आणि लिथियमची आग पाण्याने सहजी विझत नाही. ते सायकलच्या सांगाड्यावर यूएल २८४९ या सुरक्षा मानकाची खूण शोधतात आणि ती नसेल तर बॅटरी आत घेत नाहीत. न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये विक्रीसाठी आणि भाड्याने देण्यासाठी अशा प्रमाणपत्राची सक्तीच केली, ती तिथल्या जीवघेण्या आगींमुळे. ई-सायकलला वाटेवर जागा द्यावी की नाही यावर तावातावाने बोलणारे लोक रात्री ती घरात कुठे ठेवावी याबद्दल फारसे बोलत नाहीत, आणि मला तर हा प्रश्न पहिल्याहून जास्त खरा वाटतो.

पाऊस ओसरल्यावर चुनखडीचा लगदा झाला होता. टायर रुतत होते, चेनवर राखाडी गिलावा चढत होता, आणि वहिनींच्या पडद्यावरचे बॅटरीचे आकडे कालच्या दुपटीने घसरत होते. थंडीत बॅटरीची क्षमता आधीच कमी होते, त्यात ओली वाट. म्हणून कंपनीने छापलेल्या पल्ल्याच्या निम्माच धरून मुक्काम ठरवावेत.

पिंकर्टन बोगद्याच्या तोंडाशी एक गृहस्थ हातांनी फिरवायच्या तीनचाकीवर विसावले होते. ते माजी सैनिक होते आणि त्यांना गुडघ्यांखाली पाय नव्हते. त्यांच्या पुढच्या चाकात मोटार होती. पाच वर्षांपूर्वी खांद्याची शस्त्रक्रिया झाल्यावर वाट सुटली होती, ती या मोटारीने परत मिळाली, असे ते म्हणाले. अपंग व्यक्तींच्या गतिसाधनांना अमेरिकेतील कायदा वेगळे संरक्षण देतो, त्यामुळे त्यांच्या गाडीविषयी कोणी वाद घालू शकत नाही; पण मोटार तीच, वजन वहिनींच्या सायकलहून जास्त, आणि वाट तीच. ते गेल्यावर दादा बराच वेळ चेन पुसत बसला. रॉकवुडला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. थालीपीठाची भाजणी मी बरोबर आणली होती, मुक्कामाच्या घरी स्वयंपाकघर वापरायला मिळाले, आणि तव्यावरच्या खमंग वासाने शेजारच्या खोलीतले दोन सायकलस्वार ताटल्या घेऊनच आले.

रॉकवुड ते फ्रॉस्टबर्ग

संपूर्ण वाटेतला हा सर्वांत सुंदर दिवस, आणि त्याचे वर्णन करण्यात मी फार वेळ घेणार नाही, कारण छायाचित्रे सगळीकडे सापडतात. सॉल्सबरी पूल सुमारे ५८० मीटर लांब आणि खालच्या खोऱ्यापासून तीस मीटर उंच. त्यावर उभे राहिले की समोरच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. मायर्सडेल हे मेपलच्या पाकाचे गाव. तिथल्या जुन्या रेल्वे स्थानकात आता छोटे संग्रहालय आणि दुकान आहे. दादाने पाकाची बाटली घेतली आणि ती वहिनींच्या पिशवीत ठेवली.

मायर्सडेलच्या पुढे तासाभरात पूर्व खंडीय जलविभाजक, म्हणजे जिथून पाण्याच्या वाटा दोन दिशांना फुटतात तो डोंगरमाथा येतो, समुद्रसपाटीपासून २,३९२ फूट, म्हणजे सुमारे ७२९ मीटर. इथे रस्त्याखालून जाणारा एक छोटा बोगदा आहे आणि त्याच्या भिंतीवर संपूर्ण वाटेच्या उंचीचा आलेख रंगवलेला आहे. त्याच्यासमोर आम्ही बराच वेळ उभे होतो. पिट्सबर्गपासून रेघ दोनशे किलोमीटर इतकी सावकाश चढते की ती जवळजवळ आडवीच वाटते, आणि या टोकापासून कंबरलँडपर्यंत, अवघ्या ३८ किलोमीटरमध्ये, पाचशे मीटरहून अधिक खाली कोसळते. वहिनींनी बोटाने ती रेघ गिरवली आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या मोटारीचं काम इथेच संपलं की." ई-सायकलीवरून भांडणाऱ्यांना आधी हा आलेख दाखवायला हवा. पुढच्या टप्प्यात वाटेवर वेग येणार होता, आणि तो पुरवणार होता डोंगर.

बिग सॅव्हेज बोगदा एक किलोमीटर लांब, दिव्यांनी उजळलेला आणि ऑक्टोबरातही हाडे गोठवणारा. हिवाळ्यात त्याची दारे बंद असतात, तेव्हा डिसेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत हा प्रवास योजू नये. बोगद्यातून बाहेर पडताच मेरीलँडच्या दऱ्यांचा पसारा समोर उलगडतो. थोड्याच अंतरावर पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड यांच्यातली मेसन-डिक्सन रेषा वाटेला छेदते. १७६३ ते १७६७ या काळात आखलेली ही सीमा ओलांडली की आपण मेरीलँडच्या कायद्याखाली येतो. या राज्याने २०१९ मध्ये तीन वर्गांची पद्धत स्वीकारली आहे.

फ्रॉस्टबर्गचे स्थानक वाटेवर आहे, पण गाव वर टेकडीवर. तिथे नेणारी नागमोडी वाट एवढी उभी आहे की सामान लादलेली सायकल बहुतेक जण ढकलतच नेतात. वहिनींनी साथ एकदाच सर्वांत वरच्या पायरीवर चढवली आणि त्या वळणे घेत वर गेल्या. आम्ही दोघे हँडलवर वाकून ढकलत निघालो. वर पोहोचून त्यांनी सायकल ठेवली, त्या चालत खाली आल्या आणि दादाला म्हणाल्या, "माझी वर उभी आहे, तुम्ही जरा फेरी मारून बघा." दादा गेला. अंधार पडेपर्यंत आला नाही. आल्यावर त्याचा निवाडा असा होता की चढाला ही ठीक आहे, सपाटीला नको. आणि २३ किलोची ही सायकल हॉटेलच्या जिन्यावरून त्याने एकट्याने वर नेली आहे, हेही ध्यानात घ्यावे.

फ्रॉस्टबर्ग ते कंबरलँड

शेवटचा टप्पा सुमारे पंचवीस किलोमीटरचा आणि सगळाच उताराचा. सलग दीड-पावणेदोन टक्क्यांच्या उतारावर थोडेसे पेडल मारले की सायकल वेगमर्यादा ओलांडते, आणि रविवार नसतानाही त्या सकाळी सुसाट निघालेले कितीतरी लोक आमच्या पुढे गेले. त्यांतल्या बहुतेकांना मोटार नव्हती. त्याच वेळी कंबरलँडहून वर येणारे, तंबूचे सामान लादलेले, झोकांड्या खात चढणारे लोक समोरून भेटत होते. वहिनींची सायकल जड, त्यामुळे ती थांबायला जास्त अंतर घेते. त्या ब्रेक सोडून-दाबून, वेग आधीच मारून चालल्या होत्या आणि आमच्यात सर्वांत सावकाश त्याच होत्या. एका वळणावर वर येणाऱ्या जोडप्याला एका साध्या सायकलवाल्याने इतक्या जवळून हूल दिली की बाईंना गवतात उतरावे लागले.

मी सहलीला निघताना ई-सायकलीच्या बाजूने होते आणि आताही आहे, पण माझे म्हणणे थोडे बदलले आहे. पेडल मारल्याशिवाय न चालणाऱ्या सायकलीला या वाटेवर आणि कोणत्याही सायकल सहलीत जागा असायलाच हवी. थ्रॉटलच्या गाड्यांना आणि मोटारीच्या वेगावरचे कुलूप तोडून वेग वाढवलेल्या गाड्यांना नसावी, कारण त्या दुचाकी वाहने आहेत आणि त्यांच्यासाठी रस्ते आहेत. अडचण अशी की दुरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात, आणि वाटेवर वॅट मोजणारा कोणी उभा नसतो. वेग मात्र कोणालाही दिसतो. म्हणून स्वयंसेवकांच्या जोरावर चालणाऱ्या अशा वाटांनी वर्गांची पाटी लावावी जरूर, पण शक्ती खर्च करावी ती वेगमर्यादेवर, विशेषतः शहराजवळ आणि या उतारावर, आणि ती सर्वांसाठी. दादाला हे पटत नाही. त्याच्या मते माणसाने आपल्या पायांनी कमावलेला वेग आणि विकत घेतलेला वेग यांत फरक आहे. गवतात उतरलेल्या बाईंना तो फरक जाणवला असेल असे मला वाटत नाही, एवढेच मी त्याला म्हटले.

कंबरलँडच्या अलीकडे ब्रश बोगद्यात वाट आणि पर्यटकांच्या आगगाडीचा रूळ शेजारी शेजारी जातात. गाडीची चाहूल असेल तर बाहेरच थांबावे. शहरात शून्य मैलाची खूण जिथे आहे, तिथूनच वॉशिंग्टनकडे जाणारी चेसापीक अँड ओहायो कालव्याची १८४.५ मैलांची वाट सुरू होते. ते राष्ट्रीय उद्यान आहे, त्यामुळे तिथे संघराज्याचे नियम लागू होतात. ऑगस्ट २०१९ मध्ये अंतर्गत खात्याच्या आदेशाने ई-सायकलींना राष्ट्रीय उद्यानांत वाव मिळाला आणि २०२० च्या नियमावलीत एक मार्मिक अट आली: मोटारवाहनांना बंदी असलेल्या जागी पेडल न मारता नुसत्या मोटारीवर लांबवर जाता येणार नाही. कोणत्या वर्गाला कुठे परवानगी, हे प्रत्येक उद्यानाचे अधिकारी ठरवतात, तेव्हा निघण्यापूर्वी ताजी सूचना वाचावी.

परतीसाठी आम्ही सायकलींसकट नेणारी शटल गाडी घेतली. ई-सायकल असल्याचे आरक्षण करतानाच सांगावे, कारण मागच्या रॅकवर प्रत्येक सायकलला वजनाची मर्यादा असते आणि जड सायकलीचे जादा पैसे पडतात. बॅटरी काढून आत आपल्याजवळ ठेवावी. भारतातून स्वतःची ई-सायकल विमानाने आणण्याचा विचार कोणी करत असेल तर तो सोडून द्यावा. प्रवासी विमानात १६० वॅट-तासांहून मोठी बॅटरी चालत नाही आणि सायकलची त्याच्या तिप्पट असते. भाड्याने घेणे हाच मार्ग.

गाडीत बसल्यावर कालव्याच्या वाटेचा नकाशा वहिनींनी मांडीवर उघडला. पुढच्या शरदात तिकडे जायचे असे त्यांनी आणि मी ठरवले आहे. दादा साध्याच सायकलवर येणार आहे. फक्त दोन्ही पॅनियर, पाण्याच्या बाटल्या आणि मेपलचा पाक वहिनींच्या सायकलवर राहील, अशी अट त्याने आत्ताच घालून ठेवली आहे.